नळीतला श्वास

हे घडलेलं आहे. माझी मावसबहीण मझेविनार हिने ते मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि ती तिखटमीठ लावणाऱ्यातली नाही.

जॉर्जियातलं तिबिलिसी शहर. फेब्रुवारी १९६८, गुरुवारची दुपार. प्रयोगशाळेतली थंड खोली.

जंतूंना मारणारा एक विषाणू आणि त्याच्या पोटातला डीएनए, दोघांचं वजन तिला काढायचं होतं. विषाणूचा आकडा जुळला होता. हायड्रोजनच्या अणूच्या पाच कोटी पट. डीएनए त्याच्या निम्मा, म्हणजे अडीच कोटी भरायला हवा होता.

भरत होता सव्वा कोटी.

तीनदा मोजलं, तीनदा तेच.

डीएनएचा धागा फार लांब. काचेच्या नळीत तोंडाने ओढताना जरा घाई झाली, की मधोमध तुटतो. पूर्वी हे काम प्रयोगशाळेतली म्हातारी मदतनीस पेलागिया करायची. एक नळी भरायला पाच मिनिटं घ्यायची. शरदात ती वारली.

आता शेवटची कुपी उरली होती. ही वाया गेली, तर मझेविनारचा प्रबंध बुडाला आणि नोकरीही.

"ए पोरी, चहासारखं सुर्रकन ओढू नकोस हां!" नमुना गरगर फिरवून वजन काढणाऱ्या सेंट्रिफ्यूजपाशी बसलेला तिचा सहकारी वालिको बाहेरून ओरडला.

"तू तुझं यंत्र सांभाळ, मेल्या!"

तिने दार लावलं. नळी ओठांत धरून हलकेच ओढलं. द्रव जरासा चढला.

तेवढ्यात खोकल्याची उबळ आली... आणि नळी ओठांतून सुटली.

द्रव खाली यायला हवा होता.

आला नाही.

तो चढत होता... केसभर... आणखी केसभर...

तिच्या कानाशी कुणीतरी श्वास आत घेत होतं. सावकाश. न थांबता.

"पेलागिया मावशी?"

द्रव खुणेच्या रेघेवर आला आणि थांबला.

पळावंसं वाटलं. पण शेवटची कुपी होती. तिने नळीच्या वरच्या टोकावर बोट दाबलं.

टोक ओलं होतं... बर्फासारखं गार.

"काय गं, पांढरीफटक पडलीस?" ती बाहेर येताच वालिकोने विचारलं.

"गप बस. यंत्र लाव."

संध्याकाळी आकडा आला. अडीच कोटी.

वालिकोने नाचत वाइन ओतली. "पेलागियाच्या नावाने!"

मझेविनारने पेला उचलला नाही. ती थंड खोलीच्या दाराकडे बघत होती.

श्वास आत घेतलेला तिने ऐकला होता...

सोडलेला नाही.

आज तिने ऐंशी ओलांडली आहे. बोलता बोलता मध्येच गप्प होते. हात वर करून मलाही गप्प करते.

आणि कान देऊन बसते.