आग्यामोहोळाला कायदा

चिंचेखाली उभा राहून कुणी परका तरुण वर बघत होता. वर जाड फांदीला सुपाएवढं आग्यामोहोळ लोंबत होतं.

चंदनबालेनं घागर खाली ठेवली, धावत गेली आणि त्याचा शर्ट धरून त्याला मागं ओढलं. टर्रकन बाही उसवली.

"दगड मारायचा इचार हाय काय?"

"दगड? न्हाई हो... मी मदन. सांगलीच्या वकिलांचा कारकून. तात्यासाहेबांनी बोलावलंय."

तात्यासाहेब म्हणजे तिचे वडील. तिच्या मनात पाल चुकचुकली.

वारणाकाठच्या त्यांच्या मळ्यात, या चिंचेजवळच, गुऱ्हाळ चालू होतं. मध्यंतरी माश्या उठल्या, ऊस गाळणाऱ्या चरकाच्या बैलांना त्यांनी फोडून काढलं, गूळ करणारा गुळव्या पळून गेला. ऐन हंगामात गुळाचं चुलवाण थंड पडलं. तात्यासाहेब मोहोळ जाळणारच होते, पण जंगली जनावरांचा नवा कायदा आलाय, असं कुणीतरी कानावर घातलं. नसती भानगड नको म्हणून त्यांनी आधी चौकशीला माणूस बोलावला. तोच हा.

"म्हंजे माश्या जाळायची वाट मोकळी करायला आलाय!"

"कायदा काय म्हनतोय ते बघायला आलोय."

"आन् तुमी काय म्हनता?"

तो तिच्याकडं बघतच राहिला. "मी... मी अजून बघतोयच."

ती लाजली नाही. गोड बोलणाऱ्यांवर तिचा मुळीच भरवसा नव्हता.

मग मदनच्या खेपा सुरू झाल्या. कधी साताऱ्याच्या मोठ्या वकिलांना विचारायचंय, कधी त्यांचं उत्तर यायचंय. प्रत्येक खेपेला तो पाणी मागायचा आणि तांब्या परत देताना उगीच रेंगाळायचा. तात्यासाहेब खोळंबले होते. हा नक्की कुणाच्या बाजूचा, ते चंदनबालेला कळेना. एका दुपारी तिनं त्याला हौदापाशी गाठलंच.

"खरं सांगा. माशी मारू नये असा कायदा हाय का?"

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "साताऱ्याला जाऊन खात्री केली. वाघाला हाय, मोराला हाय... माशीला न्हाई."

"मग तात्यांना काय सांगितलंय?"

"चौकशी चालू हाय म्हनून. ऊन तापलं की आग्या माश्या आपसूक उठून जात्यात. तेवढं दिस काढायचं हुतं."

"कुणासाठी?"

"जिनं माझा शर्ट फाडला — तिच्यासाठी."

ती सुखावली. पण लगेच संशयानं डोकं वर काढलं.

"आज माझ्यासाठी तात्यांशी खोटं बोललात. उद्या दुसऱ्या कुणासाठी माझ्याशी खोटं बोलशीला. जावा, त्यांना खरं सांगा."

"सांगितलं की मोहोळ जळंल."

तिनं एकदा चिंचेकडं बघितलं. "तरीबी सांगा."

त्यानं सांगितलं. तात्यासाहेब संतापले आणि दिवस कलताच टेंभा पेटवून निघाले. आता हा सायकल काढून पळणार, असं चंदनबालेला वाटलं. पण मदन चिंचेखाली जाऊन उभा राहिला.

"आडवं व्हायला तू कोन रं? कायदा न्हाई म्हनून तूच सांगितलंस न्हवं?"

"कायदा न्हाई, तात्यासाहेब. म्हनून हात जोडतोय."

चंदनबालेला राहवलं नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तात्या, आपल्या घरात मध कुनी बोटाला लावत न्हाई. ते काय कायदा हाय म्हनून?"

रोज सकाळी जैन बस्तीत देवापुढं हात जोडणारे तात्यासाहेब हातातल्या जाळाकडं बघत राहिले. मग त्यांनी टेंभा मातीत खुपसला.

"चरक पल्याडच्या बांधाला हलवू," ते पुटपुटले आणि मदनकडं वळले. "तुजं काम संपलं. कारकून म्हनून हितं पुन्ना यायचं न्हाई."

मदननं मान खाली घातली.

"यायचं आसंल," तात्यासाहेब जाता जाता म्हणाले, "तर वडलांना घिऊन ये."

सायकल हातात धरून मदन तिच्यापाशी थबकला. "आनू न्हवं?"

"मनापासनं इचारताय?"

"खोटं बोलायची सोय ठेवलीया का तुमी?"

ती खळखळून हसली. "आना," म्हणाली, "पण त्यांना चिंचेखाली उभं करू नगा."