कांद्याच्या गाडीवरचं सामान

रत्नदीपने पुस्तकातून मान वर केली तेव्हा दारात एक मुलगी उभी होती आणि तिच्या डोक्यावर रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा होता. बाहेर जानेवारीतला अवकाळी पाऊस. धड पडत नव्हता, धड थांबतही नव्हता.

"पावसापुरती थांबू का?" तिने विचारलं.

"थांबा की," तो म्हणाला आणि पुन्हा पुस्तकात शिरला. तीच ओळ त्याने चारदा वाचली.

सोलापूरच्या मार्केट यार्डाला लागून ट्रान्सपोर्टचं हे छोटं ऑफिस. रत्नदीप तिथला बुकिंग क्लार्क. तिशी ओलांडलेला, हळू बोलणारा. बोलण्याआधी मनात दोनदा वाक्य जुळवणारा आणि मग ते न बोलणारा. पण पाऊस थांबेना, तेव्हा एवढ्या गोण्या कशाला, असं त्याने विचारलंच.

मुलीचं नाव चैताली. नर्स होती. गुवाहाटीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिची निवड झाली होती. दिवाळीत वडील गेले. आता घरात ती आणि आई, दोघीच. भाड्याच्या दोन खोल्या सोडून दोघींनी जायचं. सामान हलवणाऱ्या कंपनीने जो आकडा सांगितला त्यात सगळं सामान नवं आलं असतं. म्हणून आधी गोण्या घेऊ, पुढचं पुढं, असं तिने ठरवलं होतं.

"कांद्याच्या गाडीनं पाठवता का?" रत्नदीप म्हणाला.

तिला ती थट्टा वाटली. मग त्याने समजावलं. मार्केट यार्डातून कांदा पार आसामपर्यंत जातो. गाडी वजनाने भरते, पण ड्रायव्हरच्या केबिनवरची, टपावरची जागा मोकळीच राहते. तिथं दोन खोल्यांचं सामान आरामात बसतं, तेही अगदी थोडक्या पैशांत. अडचण एकच – कुठली गाडी गुवाहाटीला निघणार हे लिलाव झाल्यावर संध्याकाळी ठरतं, आणि कांदा कुणासाठी थांबत नाही. फोन आला की तासाभरात सामान हजर पाहिजे. म्हणजे आधीच शिवून, बांधून ठेवायचं.

"सामानाला वास नाही लागणार?"

"लागेल. खोटं कशाला बोलू?"

ती हसली. पाऊस थांबला होता. तरी ती आणखी थोडा वेळ थांबली.

रविवारी तो सुतळी आणि दाभण घेऊन तिच्या घरी गेला. भांड्यांत कपडे कोंबायचे, काचेच्या वस्तू वाकळीत गुंडाळायच्या, गोण्यांची तोंडं शिवायची, वर ब्रशने पत्ता रंगवायचा, सगळं त्याने दाखवलं. तिची आई विठाबाई मूळची केम गावची. भिंतीला टेकून ती बघत होती.

"हे पोरगं लई हळू बोलतंय गं," ती लेकीला म्हणाली. "ह्याच्या हापिसात ह्याचं कुणी ऐकतं का न्हाय?"

"मी ऐकते की," चैताली म्हणाली, मान वर न करता.

नेमकं तेव्हाच दाभण रत्नदीपच्या बोटात शिरलं. तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, बोट पुसलं आणि पट्टी बांधली.

"थरथरताय कशाला? इंजेक्शन नाही देत."

"नाही... थंडी आहे."

"दुपारची?"

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर तेवढी उरली होती. ती उतरवून तो तिच्याभोवती बांधायला पुठ्ठा कापायला लागला, तशी चैतालीने ती त्याच्याकडून घेतली. "ही मांडीवर नेणार. गाडीत नाही द्यायची."

"मग पत्ता?"

"हातात न्यायचं त्याच्यावर पत्ता कशाला?"

सोमवारी संध्याकाळी गुरुचा फोन आला. गुरु हा दुधनीचा ड्रायव्हर. गुवाहाटीला निघालोय, टप मोकळा आहे, सामान आणता का, एवढंच त्याने विचारलं. नुसतं हो म्हणायचं होतं. रत्नदीपने बोटावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"अजून बांधून झालं नाही त्यांचं," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने चैताली आली. आज गाडी नाही, असं त्याने सांगितलं. ती चहाला बसली. हातातल्या पुस्तकात काय आहे, तिने विचारलं. तो सांगत गेला. इतकं सलग तो कुणाशी बोललाच नव्हता. शेवटाजवळ आला तशी ती उठली.

"शेवट उद्या सांगा."

मंगळवारी दुसरी गाडी गेली. गुरुवारी तिसरी. रोज संध्याकाळी ती यायची, तो नकारार्थी मान हलवायचा, आणि गोष्टीचा शेवट पुढं सरकायचा. रात्री घरी गेल्यावर तो स्वतःला शिव्या घालायचा. उद्या सांगू, म्हणायचा. पण दारात तिची सावली पडली की तो चहा सांगायचा.

शनिवारी ती आली नाही. त्याने सातपर्यंत वाट पाहिली आणि तिच्या घराकडे निघाला.

दार उघडंच होतं. खोलीत भिंतीकडेला शिवलेल्या गोण्या उभ्या, आणि मधे गार फरशीवर, एका चटईवर विठाबाई मुटकुळं करून पडलेली. पांघरायला फक्त एक लुगडं. गादी, वाकळी, सगळं आठवडाभर गोण्यांत होतं. गाडी कधीही येईल म्हणून मायलेकींनी एकही टाका उसवला नव्हता.

"ताप आहे," चैताली म्हणाली. "छातीत कफ झालाय. गोळ्या दिल्यात."

रत्नदीप दारातच उभा राहिला. आता वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

"गाड्या होत्या," तो म्हणाला. "तीन गेल्या. मी... सांगितलं नाही तुम्हाला."

तिने कोपऱ्यातली कात्री घेतली, एका गोणीचे टाके कापले, वाकळ ओढून काढली आणि आईवर घातली. कडा नीट खोचल्या. मग तशीच पाठमोरी बसून राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "गुरुवारी मी यार्डातून आले. गुवाहाटीची गाडी भरत होती. हमालाला विचारलं मी."

"मग मला का नाही..."

"विचारलं असतं तर तुम्ही लगेच पाठवलं असतं सामान." तिने वाकळीची कड पुन्हा सारखी केली. "नर्स आहे मी. रोज खोकला ऐकत होते तिचा. आपण दोघांनी मिळून झोपवलं तिला फरशीवर."

एवढंच. दोघांच्या प्रेमाची कबुली ती हीच, आणि ती देताना दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. आत म्हातारी खोकली.

त्या रात्री तो गोळ्यांसाठी धावला, पहाटे रिक्षाने दोघींना दवाखान्यात घेऊन गेला. रविवारी यार्ड बंद. सोमवारी गुरु परत आला नव्हता, म्हणून रत्नदीपने दुसरा ड्रायव्हर गाठला आणि एकेक गोणी स्वतः टपावर चढवली. बुधवारी ताप उतरला. शुक्रवारी दोघी रेल्वेत बसल्या.

फलाटावर विठाबाईने त्याच्या गालावरून हात फिरवला. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. चैताली खिडकीत, तसबीर मांडीवर. उसवलेल्या गोणीतली वाकळ बॅगेत बसली नव्हती. तिने ती खिडकीतून त्याच्या हातात दिली.

"पुढच्या गाडीनं पाठवा."

त्याने मान हलवली. थांबा, असं म्हणायचा हक्क आपण घालवला, असं त्याला वाटत होतं. ती खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिली आणि गाडी हलली.

बारा दिवसांनी तिचा फोन आला. सामान पोचलं होतं. ताटाला, उशीला, सगळ्याला कांद्याचा वास. ती धुवायला निघाली तर आईने अडवलं होतं – राहू दे गं थोडे दिस, सोलापूरचा वास हाय.



"वाकळ पाठवली?" तिने विचारलं.

तेवढ्या दिवसांत तीन गाड्या गुवाहाटीला गेल्या होत्या. वाकळ त्याच्या खुर्चीमागे घडी करून ठेवलेली होती.

"गाडीच नव्हती," तो म्हणाला.

पलीकडे ती हसली, किंवा तिला हुंदका आला. त्याला नीट कळलं नाही.

"इथं लई थंडी आहे," ती म्हणाली. "आणि त्या गोष्टीचा शेवट राहिलाय." तिने फोन ठेवला.

रत्नदीपने वाकळ गोणीत घातली, तोंड शिवलं. सवयीने रंगाचा डबा उघडून ब्रश बुडवला. गोणीवर नेला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि पुसून परत डब्याशेजारी ठेवला.

हातात न्यायच्या सामानावर पत्ता लिहीत नाहीत.