तीन नंबरची खोली

मे महिन्यात आमच्या कोल्ड स्टोरेजला फारसं काम नसतं. द्राक्षांचा शेवटचा कंटेनर गेला की क्रेट धुऊन उन्हात उपडे टाकायचे, खोल्या पुसून घ्यायच्या, कॉम्प्रेसरचं तेल बदलायचं. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, अशा चार खोल्या मी सांभाळायचो. शिक्षणाने मी इंजिनीयर. उष्णता काढून घेतली की उरते ती थंडी, त्यापलीकडे तिच्यात काही नसतं, असं मी २००३च्या मेपर्यंत मानत होतो.

यमुना माझी थोरली बहीण. मखमलाबादला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. पौषातल्या पहाटे फुलं तोडताना बोटं बधिर व्हायची, मी रडायचो. ताई पानावरच्या दवाकडे बघत विचारायची, हे गोठत का नाही? त्या प्रश्नाच्या मागे ती पुण्याला गेली, मग गोव्याला, आणि एक्क्याण्णव साली अंटार्क्टिकाला. आईने बरोबर शेंगदाण्याची चटणी दिली होती. तिकडे बर्फात काठ्या रोवून बर्फ किती साचलं, किती झिजलं हे ती मोजायची. "तिथलं बर्फ हललं ना जीवन, की आपल्याकडचा पाऊसही जागेवर राहणार नाही," असं मला सांगायची. तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

सत्त्याण्णवच्या शेवटी ती पुन्हा गेली. या खेपेला तुकडीत इगतपुरीचा सावळीराम होता, गाड्यांचा मेकॅनिक. आपल्या जिल्ह्याचा म्हणून ताईला त्याचं कौतुक. एकदा दोघं काठ्या मोजायला गेले आणि वादळात सापडले. एकच दोरी दोघांच्या कमरेला. बर्फ असं उडत होतं की स्वतःचा हात दिसेना. तळावर पोचली ती एकटी ताई. दोरीचं दुसरं टोक रिकामं होतं. वादळ ओसरल्यावर सगळ्यांनी खूप शोधलं, पण सावळीराम सापडला नाही.

परत आल्यावर तिने नोकरी सोडली. घरात बसून राहायची. सावळीरामची आई, गोजराबाई, इगतपुरीहून गाडीने यायची आणि ताईसमोर बसायची.

"बाई, माझं पोर मेलं नाय. मेलं असतं तर मला कळलं असतं."

"नाही मेला," ताई म्हणायची.

मला दोघींचा राग यायचा. ताईला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या दिल्या. ती वाळत चालली होती. रस्त्याने चालताना मध्येच थांबून मागे बघायची, कुणी मागे राहिल्यासारखी. शेवटी, माणसांत तरी राहील म्हणून, त्या मेमध्ये मी तिला माझ्याबरोबर कामावर नेऊ लागलो.

पहिल्याच दिवशी ती तीन नंबरच्या खोलीत शिरली आणि तिने मला आत बोलावलं.

"हाक मार."

"काय?"

"नुसती हाक मार."

मी तिच्या नावाने ओरडलो. रिकामी खोली, चारी बाजूंना पत्र्याची पॅनेल. आवाज घुमायला हवा होता. तो गेला तो गेलाच, मोकळ्या माळावर ओरडल्यासारखा. मी शेजारच्या खोलीत जाऊन ओरडलो. तिथे घुमला.

पॅनेल सुटलं असेल, आत पोकळी झाली असेल, असं मी तिला सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

पुढे जमिनीवर पांढरी भुकटी दिसू लागली. कॉइलवरचं हिव गळत असेल म्हणावं, तर ते पाणचट असतं. हे कोरडं होतं, चिमटीत साखरेसारखं कुरकुरणारं. मी मशीन बंद केलं, मेन स्विच काढला. बाहेर उन्हाने पत्र्यावर हात ठेववत नव्हता, आणि खोलीच्या तापमानाचा काटा उतरतच राहिला. आमचं मशीन जाऊ शकतं, त्याच्याही खाली. भिंतीकडून वारा यायला लागला.

"कुलूप घालतो," मी म्हणालो.

"जीवन, पाच वर्षं मी दाराची वाट बघतेय," ताई म्हणाली. "आता बंद करू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंटार्क्टिकाच्या तुकडीचा जुना लाल कोट घालून आली. बरोबर गोजराबाई होती. ताईने दोरीचं एक टोक कमरेला बांधलं, भेंडोळं माझ्या हातात दिलं.

"तीन झटके बसले की ओढ. त्याआधी नाही."

"ताई, खोली चाळीस फूट आहे. समोर भिंत आहे. दिसतेय ना तुला?"

"तुला दिसतेय?"

मी पाहिलं. धुकं होतं.

"नको जाऊस," मी तिचा हात धरला. "तुझ्या पाया पडतो."

तिने माझा हात हलकेच सोडवला. गोजराबाई खाली बसली होती, पदर दातांत धरून. ताई तिच्या डोक्यावर हात ठेवून आत गेली.

दोरी सरकू लागली.

चाळीस फूट सरली. मग शंभर. मी क्रेट बांधायच्या दोऱ्या जोडल्या. हात सोलवटले. दोरी सरळ, एकाच चालीने जात होती, माणूस सपाटीवरून चालतो तशी.

मग थांबली.

मी हाका मारल्या. आतून फक्त वारा.

एक झटका. दुसरा. तिसरा.

मी ओढू लागलो. गोजराबाईने मागून धरलं. म्हातारीला इतकं बळ कुठून आलं कोण जाणे. टोकाला वजन होतं, जिवंत वजन, अडखळणारं. धुक्यात लाल कोट दिसला. मी रडत हसलो.

कोट ताईचा नव्हता. पापण्यांवर बर्फ साचलेला सावळीराम उंबऱ्यावर गुडघ्यांवर पडला. फोटोतल्याइतकाच तरुण. दोरी त्याच्या कमरेला होती.

"आये," तो म्हणाला. "तू हितं कशी?"

गोजराबाईने त्याला छातीशी धरलं. मी त्यांना ओलांडून आत धावलो. धुकं विरलं. पाच-सहा ढांगांत माझं कपाळ भिंतीवर आपटलं. मी ताईच्या नावाने ओरडलो. आवाज घुमून परत आला.

ती भिंत मी फोडली. पलीकडे विटा, त्यापलीकडे ऊन आणि धुतलेले क्रेट. पोलिसांना मी एवढंच सांगितलं की बहीण आजारी होती, घरातून निघून गेली. गोजराबाई मुलाला घेऊन त्याच संध्याकाळी गेली होती.

जूनमध्ये मी इगतपुरीला गेलो. पाऊस कोसळत होता. सावळीराम ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. ताई कुठे राहिली, तिला आणायला काय करू, मी त्याला विनवून विचारलं.

त्याने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"तुमी म्हणता म्याडम पाच वर्षं तुमच्या घरात होत्या," तो म्हणाला. "पण साहेब, म्याडम कुठं गेल्याच नाय. दोरी सुटल्यापासून आमी दोघं एकाच खड्ड्यात वारा चुकवत बसलेलो. लय वेळ झाला नव्हता. दिवस बी मावळला नव्हता."

"मग दोरी कुणी आणली?"

"एक बाई आली. तोंड म्याडमसारखंच. तिनं काय न बोलता माझ्या कमरेला गाठ मारली, दोरीला तीन झटके दिले."

"आणि ताई?"

"म्याडम तिच्याकडं बघत राहिल्या," सावळीराम म्हणाला. "मग जरा सरकल्या, आणि तिला बसायला जागा दिली."