लहान खुर्चीवरून

फोन सुशीलाबाईंचा होता. केंद्रातली झाडलोट, चहा आणि आल्यागेल्याची विचारपूस सांभाळणाऱ्या सुशीलाबाई फोनवर बोलत नाहीत, ओरडतात. आज त्यांचा आवाज इतका खाली होता की वर्गाबाहेर येऊनही चैतालीला नीट ऐकू येईना.

"चैतालीताई, लगेच या. शर्मिलाताईंच्या डोक्याला लागलंय. फार रक्त गेलं हो. दवाखान्यात नेलंय. पोलीस आलेत."

"लागलं? कशानं?"

"चाचणीच्या खोलीत ती पोरगी होती ना त्यांच्याबरोबर, कल्याणी. तिनंच मारलं म्हणतायत."

चैताली रणपिसे त्या वेळी कात्रजच्या एका शाळेत मागच्या बाकावर बसून दुसरीच्या मुलांचं निरीक्षण करत होती. शैक्षणिक मानसशास्त्रात पीएचडी करायची आणि शिवाय मुलांबरोबर काम करणारी तज्ज्ञ व्हायचं, तर नुसता प्रबंध लिहून भागत नाही. मुलासमोर बसावं कसं, इथपासून शिकावं लागतं. चैतालीचं हे दुसरं वर्ष होतं, शर्मिला ओव्हाळचं शेवटचं. दोघी कोथरूडच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. अनंत रिसबूडांच्या हाताखाली उमेदवारी करत होत्या. डॉक्टरांची सही मिळाल्याखेरीज दोघींचं प्रशिक्षण पुरं होणार नव्हतं.

स्कूटरची किल्ली शोधताना सॅकमधून आधी दुसरीच किल्ली हाताला लागली. चाचण्यांच्या कपाटाची. काल वाचनाची कार्डं काढली आणि किल्ली चुकून घरी आली. सकाळीच तिनं शर्मिलाला फोन करून माफी मागितली होती. "असू दे गं," शर्मिला म्हणाली होती, "आज नाही लागणार." चैतालीनं ती किल्ली परत सॅकमध्ये टाकली आणि स्कूटर काढली.

केंद्र म्हणजे एका सोसायटीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावलेली: 'प्रश्न मुलाला विचारला आहे. उत्तर पालकांनी देऊ नये.' त्या पाटीखाली कल्याणीची आई इंदुबाई बसली होती. कल्याणी तिच्या पदरात तोंड खुपसून होती. नऊ वर्षांची पोर, पण अंगानं सहा वर्षांची वाटावी अशी. पाय अनवाणी.

"माह्या पोरीनं काही नाही केलं जी," इंदुबाई म्हणाली. वर्ध्याकडची बाई, नवरा नागोराव इथं कंपनीत कामाला. "ते सायेब म्हंते, ते मंद हाय. तिले समजत नाही म्हंते. अन् तिले तं त्यायनं धड पाह्यलंबी नाही कधी."

"पाहिलं नाही? रिपोर्ट तर त्यांनीच दिलाय ना?"

"देल्ला. दारातून पाह्यलं, नाव इचारलं, झालं."

चैतालीला वाटलं, बाई घाबरली आहे, काहीतरी विसरली असेल. रिसबूडांच्या रिपोर्टवरच शाळेनं कल्याणीचं नाव कमी करायला घेतलं होतं. असा रिपोर्ट दारातून होत नाही.

चाचणीच्या खोलीत साध्या कपड्यातले एक गृहस्थ मोठ्या खुर्चीत बसून टेबलाकडे पाहत होते. उपनिरीक्षक सुखदेव ढमाले. मुलाची केस म्हणून वर्दी उतरवून आले होते, पण खाकीचा ताठा काही उतरला नव्हता.

"आपण?"

"चैताली रणपिसे. शर्मिलाची मैत्रीण. तिच्याबरोबरच शिकते."

"फोटो काढून झालेत. तरी हात कशाला लावू नका."

खोली लहान. टेबलाच्या एका बाजूला मोठी खुर्ची, समोर मुलांची लहान खुर्ची. फरशीवर ठोकळ्यांची जड लाकडी पेटी, तिच्या कोपऱ्याला रक्त. एरवी ती पेटी खेळायच्या खोलीत असते. टेबलावर गोष्टीची कार्डं एका ओळीत मांडलेली: मुलगी, तिचा पतंग, पतंग अडकलेलं झाड, झाडावर चढणारं माकड. मुलानं ही क्रम मोडून मांडलेली चित्रं गोष्टीच्या क्रमानं लावायची असतात. ढमाल्यांनी त्या मोठ्या खुर्चीतूनच ती वाचली. "पतंग गेला झाडावर. हे तर माझ्या पुतण्यालाही जमेल."

चैतालीला आत काहीतरी खुपलं. काय ते कळेना.

दारात डॉ. रिसबूड आले. पांढरा शर्ट, चेहऱ्यावर दुःख अगदी मापातलं.

"साहेब, आणखी काही विचारायचंय?"

"पुन्हा एकदा सांगा. पोरगी आली तेव्हा आपण कुठे होता?"

"माझ्या खोलीत. दार लावून. शर्मिलानं तिला थेट इथे घेतलं, चाचणी सुरू केली. थोड्या वेळानं धप्पकन आवाज आला. मी धावत आलो. शर्मिला खाली पडलेली आणि पोरगी टेबलाखाली."

"नऊ वर्षांची पोर ती पेटी उचलेल?"

"राग आला की उचलतात. शाळेत तिनं बाईंना चावलंय. विचारा."

"आणि ही कार्डं? ती कुणी काढली?"

"शर्मिलानंच. कपाट कुलुपात असतं, पण विद्यार्थिनींची किल्ली वेगळी आहे. चाचण्या त्याच घेतात. मी आज ह्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं."

ढमाल्यांचा फोन वाजला. ते नुसतं "हं" म्हणाले, मग खिडकीकडे वळले.

"गेल्या त्या," ते म्हणाले.

चैतालीनं बाहेरच्या दाराकडे पाहिलं. शर्मिला तिला पहिल्या दिवशी म्हणाली होती, मुलापुढे रडायचं नाही, मुलाला वाटतं आपलंच चुकलं. बाहेर कल्याणी होती. चैताली रडली नाही.

रिसबूडांनी डोळे मिटले, उघडले. "फार वाईट झालं. पण साहेब, त्या मुलीला त्रास देऊ नका. तिला समज नाही, तसं मी लिहून देतो. बाल न्याय मंडळ तिला शिक्षा करणार नाही. एखाद्या संस्थेत ठेवतील. तिथं तिची सोय होईल."

किती सहज बोलले! आयुष्यभराची सोय.

"संध्याकाळच्या आत मला पोरीला मंडळापुढे न्यावं लागेल," ढमाले हळूच चैतालीला म्हणाले. "डॉक्टरांच्या शब्दावर जाणार सगळं. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर आत्ताच सांगा."

ती बाहेर आली. सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"मावशी, कल्याणी आली तेव्हा कुठे गेली?"

"खेळायच्या खोलीत. आई तिला सोडून कामाला गेली. हिनं चपला काढल्यान् चटईवर बसली. मी चहा टाकायला आत आले. मग आवाज झाला, थोड्या वेळानं साहेबांनी हाक मारली."

"हाक लगेच नाही मारली?"

"चहा उकळून गाळून झाला होता, बघा."

खेळायच्या खोलीच्या दाराशी कल्याणीच्या निळ्या चपला अजून तशाच होत्या. चैताली कल्याणीसमोर जमिनीवर बसली. 'कुणी मारलं' असं मुलाला विचारायचं नसतं. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून मूल उत्तर देतं.

"तू आत गेलीस तेव्हा शर्मिलाताई काय करत होती?"

पदरातून एक डोळा दिसला. "झोपली होती."

"तुला आत कुणी नेलं?"

कल्याणीनं तोंड पुन्हा लपवलं.

हे ढमाल्यांना सांगून काय उपयोग होता? कागदावर ही पोर मंद. तिच्या शब्दाला कोण विचारतो? आणि तिला मंद ठरवणारे तेच डॉक्टर. चैताली पुन्हा चाचणीच्या खोलीत गेली, ढमाल्यांना विचारून मुलांच्या लहान खुर्चीत बसली. कल्याणीला काय दिसलं असेल, एवढंच तिला पाहायचं होतं.

समोर झाडं मुळं वर करून लोंबत होती. मुलगी डोक्यावर उभी. माकड जमिनीकडे चढत होतं.

चैताली उठली. डोकं एकदम स्वच्छ झालं होतं.

"साहेब, मला तुमच्याशी बोलायचंय. बाहेर."

ती जे बोलली ते ढमाल्यांनी ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि मग डॉक्टरांना बोलावलं. रिसबूड आले. ढमाल्यांचा आवाज आता फारच आदबशीर झाला होता, आणि तो आदबशीर झाला की त्यांचे शिपाई सावध होतात.

"सर, पंचनाम्यात लिहायचंय, ही चाचणी घेतात कशी. आम्ही अडाणी माणसं. आपण जरा मांडून दाखवाल? ही कार्डं राहू देत, दुसरी घ्या. चैतालीबाई पोरीच्या जागी बसतील."

"अवश्य."

रिसबूडांनी खिशातून जुडगा काढला, कपाट उघडलं, दुसरा संच घेतला. मोठ्या खुर्चीत बसले. लहान खुर्चीत गुडघे मुडपून बसलेल्या चैतालीसमोर त्यांनी एकेक कार्ड ठेवलं. शेतकरी, बैल, विहीर, मोट. त्यांना ती चित्रं सरळ दिसत होती.

"असं. मग मुलाला म्हणायचं, गोष्ट लाव."

"सर," चैताली म्हणाली, "माझा बैल पाय वर करून पडलाय."

रिसबूडांचा हात शेवटच्या कार्डावर होता. तो त्यांनी पटकन मागे घेतला.

"सांगा बाई," ढमाले म्हणाले. "सगळं सांगा."

"आम्हाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात," चैताली म्हणाली. "चित्र मुलाकडे तोंड करून ठेवायचं. आम्हाला उलटं दिसलं तरी चालेल. इतकी सवय होते की घरी पाहुण्याला ताट वाढतानाही आम्ही आधी त्याच्या बाजूनं बघतो. शर्मिला तर शेवटच्या वर्षाला होती. तिच्या हातून एक कार्ड एखादे वेळी उलटं पडेल. पण चार कार्डं, ओळीनं, सगळी तिच्याकडे तोंड करून? शक्यच नाही. ती कार्डं तिनं मांडलीच नाहीत."

"मुलीनं फिरवली असतील," रिसबूड म्हणाले.

"पेटी मारण्याआधी की नंतर?" ढमाल्यांनी विचारलं. "चालू द्या बाई."

"शर्मिला आज चाचणी घेणारच नव्हती. सकाळी मला फोनवर म्हणाली, किल्ली आज नाही लागणार. ती ह्या टेबलाशी बसून कल्याणीशी खेळणार होती, म्हणून खेळायच्या खोलीतली पेटी इथे आणून ठेवली. आणि कपाट तिनं उघडलं नाही, कारण तिला उघडताच आलं नसतं." तिनं सॅकमधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "विद्यार्थिनींची किल्ली एकच आहे, सर. ती कालपासून माझ्याकडे आहे. दुसरी आत्ता आपल्या हातात आहे."

रिसबूडांनी जुडग्याकडे पाहिलं. खिशात टाकावा की टेबलावर ठेवावा, हे त्यांना ठरवता येईना.

"कल्याणी थेट इथे आली नव्हती. तिच्या चपला खेळायच्या खोलीबाहेर आहेत. शर्मिला पडली तेव्हा ती तिथं चटईवर होती. सुशीलाबाईंचा चहा होईपर्यंत सरांना वेळ मिळाला. त्यांनी कपाट उघडलं, चाचणी चालू होती असं दिसावं म्हणून कार्डं मांडली, पोरीला हाताला धरून आणलं आणि रक्तापाशी उभं केलं. मग हाक मारली."

"पण काहून?" दारातून इंदुबाईनं विचारलं. ती, कल्याणी आणि सुशीलाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नव्हतं. "माह्या पोरीनं काय बिघडवलं ह्याचं?"

"त्यांनी कल्याणीला दारातून पाहिलं, इंदुबाई. तुम्ही मघाशी सांगितलंत, मी मनावर घेतलं नाही. शर्मिलानं घेतलं. म्हणून तिला वाटलं असेल, आधी हिची चाचणी झालीच होती का ते सरांना विचारावं, मग पोरीशी खेळावं. तिनं विचारलं. सर, आपण चाचणी घेत नाही, कारण आपल्याला ती येत नाही. आपण हे कधी शिकलाच नाहीत. इतके दिवस मला वाटायचं, मोठा माणूस, आता कशाला लहान मुलांपुढे बसेल."

रिसबूड हसले. ते हसू पाहून सुशीलाबाईंनी कल्याणीला मागे ओढलं.

"पदवी भिंतीवर आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, एकाही पालकानं विचारलं नाही की तुम्ही शिकलात कुठे. त्या शर्मिलानं विचारलं. विद्यापीठात कळवते म्हणाली. माझ्या केंद्रात, माझ्याच खुर्चीत बसून!"

"म्हणून पेटी मारलीत," ढमाले म्हणाले.

"ती गप्प बसत नव्हती."

ढमाल्यांनी शिपायाला खूण केली. जाताना डॉक्टर चैतालीपाशी थांबले. "तुमच्या प्रशिक्षणावर आता सही कोण करणार?" त्यांनी विचारलं. खरोखर काळजी वाटावी असा स्वर होता. मग ते ढमाल्यांबरोबर गेले.

खोलीत चौघीच उरल्या. चैताली तेव्हा रडली. कल्याणी बघत होती, तरी रडली.

इंदुबाई जवळ आली. "ताई, मंग तो कागद खोटा ना? माही पोरगी मंद नाही ना?"

नाही म्हणून टाकणं किती सोपं होतं! त्या बाईनं पाय धरले असते. पण न पाहता निकाल देणारा माणूस आत्ताच ह्या दारातून बाहेर गेला होता.

"मला माहीत नाही, इंदुबाई," चैताली म्हणाली. "तिला अजून कुणी पाहिलंच नाही."

इंदुबाईचा चेहरा पडला. मग तिनं पदरानं कल्याणीचं नाक पुसलं, तिचे केस सारखे केले आणि तिला पुढे केलं.

"मंग तुमी पाहा," ती म्हणाली.