मिस ओडेसाचे चमचे

"उतरा, ठेवा, पळा! अजून बारा घरं राहिलीत!" कॉलेजच्या स्टॅम्परबाईंनी जेवणाच्या गाडीत बसूनच आवाज दिला.

डार्सी कॉम्ब्स जेवणाचं गरम, फॉइलचं ताट सांभाळत म्हाताऱ्या मिस ओडेसाच्या ओसरीवर चढली. मागून बुटका एझ्रा दुधाचा पुडा घेऊन आला, आणि त्याच्यामागे होइट, नुसतीच तोंडाची टकळी चालवत.

"आज कॉलेजात काय शिकलो? ताट ठेवणे! उद्या काय शिकणार? ताट उचलणे! आई म्हणते, माझा होइट प्रोफेसर होणार!"

"गप रे!" डार्सी म्हणाली, पण तिलाही हसू आलंच.

तिघंही पंधरा वर्षांची. शाळा अजून दोन वर्षं बाकी, पण उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्यांना कॉलेजात बसवलं होतं. सकाळी खरे तास, खरे प्रोफेसर. दुपारी गावची सेवा, म्हणजे केंटकीच्या डोंगरातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचं. दोन्हींत पास झालं की ऑगस्टपासून शाळेची उरलेली दोन वर्षंही कॉलेजातच, आणि फुकट. डार्सीच्या बापाची छाती कोळशाच्या खाणीने खाल्ली होती. दोन पावलं चालला तरी त्याला धाप लागायची. ही जागा गेली तर कॉलेजचं नावही घरात कोणी काढणार नव्हतं.

आणि जागा जाणं फार सोपं होतं! गेल्या वर्षी कुठल्याशा घरात शिरलेल्या मुलाला कुत्रा चावला, वकील आले, आणि कॉलेजने नियमच केला. ताट ओसरीवरच्या बर्फाच्या पेटीत ठेवायचं. दार ठोठावायचं नाही. आत पाऊल टाकलं, की त्याच दिवशी घरी!

एझ्राने पेटी उघडली आणि तो तसाच वाकून राहिला.

"अगं, हे बघ! सोमवारचा चमचा. आणि हा मंगळवारचा."

ताटाबरोबर कागदात गुंडाळून एक चमचा जायचा. दोन्ही गुंडाळ्या जशाच्या तशा होत्या. कालचं ताट मात्र चाटूनपुसून लख्ख, आणि त्याच्या कडेला दातांची भोकं.

"चमच्याशिवाय रस्सा खाल्ला?" एझ्रा म्हणाला.

"मिस ओडेसाला नवे दात आलेत!" होइट ओरडला. "चांगले अणकुचीदार!"

तिघंही खो खो हसली. मग डार्सीचं हसू आपोआप थांबलं. मागच्या आठवड्यात म्हातारी रोज जाळीच्या दाराशी उभी असायची. "ए झिपऱ्या, न्हाव्याला पैसे मी देऊ का?" असं होइटला विचारायची. या आठवड्यात ती एकदाही दिसली नव्हती.

गाडीत बसल्यावर डार्सीने सगळं सांगितलं. स्टॅम्परबाई घामाने निथळत होत्या. एक गाडी, एक बाई आणि अख्ख्या डोंगरातले म्हातारे!

"जेवण संपतं ना?"

"हो, पण..."

"मग ती जेवतेय! तिची मुलगी असते ओहायोला, रविवारीच येऊन गेली. काही असतं तर बोलली असती. डार्सी, जागा टिकवायचीय ना बाळ?"

डार्सीने मान खाली घातली. तिने पुढच्या घराचं ताट मांडीवर घेतलं.

गुरुवारी तिघांनी बेत आखला. ताट ठेवलं, गाडी निघाली, आणि पहिल्याच वळणावर होइटने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"बाई! उलटी! आली, आली, आली!"

"गाडीत नको! बाहेर! बाहेर हो!"

बाईंनी करकचून ब्रेक दाबला. होइट झुडपात वाकून असे काही आवाज काढायला लागला, की बाई पाण्याची बाटली घेऊन त्याच्यामागे धावल्या. तेवढ्यात डार्सी आणि एझ्रा पलीकडच्या दाराने पसार!

दोघं धावत ओसरीपाशी पोचली, तर शेजारचा व्हर्जिल दोन शिकारी कुत्र्यांना घेऊन पेटीपाशी उभा. ताट जमिनीवर होतं आणि कुत्री चापून खात होती.

"चोर!" एझ्रा किंचाळला.

"चोर कोणाला म्हणतोस रे, टिल्ल्या?" व्हर्जिल खेकसला. "ओडेसा गेली मुलीबरोबर ओहायोला. रविवारी मुलीची गाडी गेली की इथून. वाया जाणारं अन्न कुत्र्यांनी खाल्लं तर तुझं काय गेलं?"

"तिला गाडीत बसताना पाहिलंत तुम्ही?" डार्सीने विचारलं.

व्हर्जिलने कुत्र्यांचे पट्टे मागे ओढले. त्याने गाडी पाहिली होती. म्हातारीला नाही.

डार्सी दाराकडे वळली. बाईंना वाटलं, ती जेवतेय. व्हर्जिलला वाटलं, ती गेलीय. मुलीला वाटत असणार, रोज माणसं येतात, बघतात. आणि बघत कोणीच नव्हतं!

"आत गेलीस तर जागा जाईल," एझ्रा हळूच म्हणाला.

"जाऊ दे."

तिने जाळीचं दार ओढलं. आतलं दार ढकलायला ती खांदा लावणार, तोच ते नुसत्या हाताने उघडलं. कुलूप नव्हतंच.

मिस ओडेसा स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. हाताशी घरी मुरवलेल्या पीचची रिकामी बरणी. त्यातला पाक पिऊनच ती जगली असावी. ओठ फुटले होते, पण डोळे हलले.

"आलीस," ती म्हणाली. आवाज जेमतेम फुटत होता.

"आले, मिस ओडेसा. पाणी आणते."

एझ्राने फडकं भिजवून तिच्या ओठांना लावलं. म्हातारीने डार्सीचा हात घट्ट धरला.

"काल तुम्ही हसत होता ना? मी हाका मारल्या गं. मला वाटलं, एवढी हसरी पोरं आहेत, आत येतीलच."

डार्सीला रडू आवरेना. एझ्राने फडकं पुन्हा भिजवलं.

दारात स्टॅम्परबाई येऊन उभ्या राहिल्या, मागे होइट. बाईंनी जमिनीकडे पाहिलं आणि हातातली पाण्याची बाटली गळून पडली. नियमाचं नावही कोणी काढलं नाही. जवळचं इस्पितळ कधीच बंद पडलेलं, त्यामुळे बोलावलेली रुग्णवाहिका डोंगरापलीकडून यायची होती. ती येईपर्यंत डार्सीने म्हातारीचा हात सोडला नाही. व्हर्जिल ओसरीच्या पायरीवर डोकं धरून बसून होता.

रविवारी मिस ओडेसा इस्पितळातच वारली.

सुट्टीतल्या वर्गाच्या निरोपसमारंभाला कॉलेजचं सभागृह खचाखच भरलं होतं. डार्सीचा बाप धापा टाकत पहिल्या रांगेत येऊन बसला होता. मिस ओडेसाची मुलगी ओहायोहून आली होती. तिने तिघांना एकदमच कवेत घेतलं. "शेवटी माझी आई एकटी नव्हती, ती तुमच्यामुळे," असं म्हणून ती रडली.

मग प्राचार्यांचं भाषण झालं. "मोठ्यांच्या लक्षात आलं नाही, ते या मुलांनी शोधून काढलं! अशी मुलं म्हणजे आपल्या केंटकीचं भूषण!" तिघांच्याही जागा पक्क्या झाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि डार्सीला दोन शब्द बोलायला बोलावलं.

ती माइकपाशी गेली. एवढ्या दिवसांची आस आज पुरी झाली होती, आणि तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मी शोधलं नाही," ती म्हणाली. "बुधवारीच मला शंका आली होती. मी ओसरीवर होते. ती हाका मारत होती आणि आम्ही हसत होतो. जागा जाईल म्हणून मी परत गेले. एक दिवस आधी आत गेले असते तर..."

प्राचार्यांनी पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाहिलंत? किती नम्र मुलगी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं सभागृह उभं राहिलं. बापही खुर्चीला धरून उठला आणि खोकला येईपर्यंत टाळ्या वाजवत राहिला.

एकट्या स्टॅम्परबाई तेवढ्या बसून होत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या डार्सीकडे बघत होत्या, आणि त्यांनी टाळी वाजवली नाही.