किंचाळणारा पुढचा ब्रेक

"बाजूला व्हा! बाजूला व्हाऽऽ!"

पेइरुंग ओरडली, पण तिच्यापेक्षा मोठ्यानं तिची सायकलच ओरडत होती. पुढचा ब्रेक असा किंचाळत होता, की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरानंही कान झाकून घेतले असते. नुसता आवाज! थांबायचं नाव नाही. मैदान संपलं, शाळेची बाग आली आणि पेइरुंग सायकलीसकट कोंबडखताच्या ढिगात घुसली.

"शी! शी! शी!"

"तिसऱ्यांदा, पेइरुंग! चार दिवसांत तिसऱ्यांदा!" शिबिराचे फांग सर नाक दाबत धावत आले.

"सर, पुढचा ब्रेक लागत नाही. मागचा लागतो, पण पुढचा नुसताच कोकलतो!"

"कोऱ्या करकरीत सायकलचा ब्रेक लागत नाही? नाचता येईना, अंगण वाकडं! दाबायची हिंमत नाही तुझ्यात. शनिवारी डोंगरावर तू येणार नाहीस. बाकीचे सातजण येतील."

झालं! उन्हाळ्याच्या सुट्टीतलं हे सायकल शिबिर आठ जणांचं होतं. वॉर्डप्रमुख ल्याओकाकांनी कुठून कुठून खटपट करून आठ नव्या रेसिंग सायकली मिळवल्या होत्या. शनिवारी बाग्वा डोंगरावर चढायचं आणि वळणावळणाच्या रस्त्यानं सुसाट खाली यायचं, या एकाच दिवसासाठी पेइरुंग सोमवारपासून घाम गाळत होती. आणि आता अंगाला कोंबडखत आणि कपाळावर 'घाबरट'चा शिक्का! तिला खताची किळस आली होतीच. सरांनी ब्रेकला हातही न लावता निकाल दिला, याची त्याहून जास्त आली.

ती नळाखाली पाय धूत होती, तेव्हा तिचा शेजारी आ-खाय तळलेल्या टोफूची पिशवी घेऊन आला. मागोमाग त्याची दहा वर्षांची बहीण यीचेनही आली.

"माझीपण कुरकुरते गं," टोफू चावत आ-खाय म्हणाला. "पण थांबते कशीबशी."

पेइरुंगनं नळ बंद केला. "कशीबशी? मैदानात कशीबशी थांबते, मग डोंगराच्या उतारावर काय होईल रे?"

आ-खायचा घास तोंडातच राहिला.

"सरांना सांगूया!" यीचेन म्हणाली.

"सांगितलं की मी! 'कोरी करकरीत' म्हणाले. पुरावा लागेल. चला, शोधून काढू!"

पेइरुंगची आई गावाबाहेरच्या कारखान्यात दिवसभर सायकलींचे ब्रेक जोडायची. घरी जेवताना गप्पा ब्रेकच्याच. त्यामुळे कुठून सुरुवात करायची हे पेइरुंगला ठाऊक होतं. तिनं सायकल झाडाला टेकवली आणि ब्रेकचा लिव्हर दाबला.

"लिव्हर घट्ट आहे, हँडलपर्यंत येत नाही. म्हणजे ब्रेकच्या नळीत हवा शिरलेली नाही. चाक सरळ बसलंय. ब्रेकपॅड नवे आहेत, झिजलेले नाहीत. मग राहिलं काय?"

"ही चकचकीत डिस्क!" आ-खायनं चाकाच्या मधल्या गोल चकतीकडे बोट नेलं.

"ए! हात लावू नकोस!" पेइरुंगनं त्याच्या मनगटावर चापट मारली. "डिस्कला बोट लावायचं नसतं, तेल लागलं की ब्रेक पकडतच नाही. त्यात तुझी बोटं म्हणजे तेलाचा डबा! यीचेन, टिश्यू दे."

पांढरा टिश्यू डिस्कवरून फिरवला, तर तो पिवळट आणि चिकट झाला! पेइरुंगनं तो दोन बोटांत धरला, कुणाचा तरी वापरलेला रुमाल धरावा तसा.

"शी! तेलकट आहे!"

"मी नाही केलं!" आ-खाय घाबरला.

"साखळीचं तेल उडालं असेल," यीचेन म्हणाली.

"साखळी मागे असते, वेडे! मग मागची डिस्क आधी खराब व्हायला हवी." पेइरुंगनं दुसरा टिश्यू मागच्या डिस्कवरून फिरवला. थोडी काळी धूळ लागली, चिकटपणा अजिबात नाही.

तिघांनी मग उरलेल्या सातही सायकली तपासल्या. सगळ्यांच्या मागच्या डिस्क स्वच्छ, आणि सगळ्यांच्या पुढच्या चिकट! पेइरुंगची तर सगळ्यांत वाईट.

"आठांच्या आठ! आणि फक्त पुढच्याच! हे आपोआप झालेलं नाही. हे कुणीतरी केलंय," पेइरुंग हळूच म्हणाली.

यीचेननं टिश्यू नाकाशी नेला. या मुलीचं नाक म्हणजे पोलिसी कुत्र्याचं! "लिंबू! पण खोटं लिंबू. देवळातली पूजेची टेबलं चमकवतात ना, त्या पॉलिशच्या फवाऱ्याचा वास!"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शिबिर सुटल्यावर तिघं जड मनानं घरी निघाली, पेइरुंग सायकल हातानं ढकलत. नुसता टिश्यू दाखवून सर ऐकणार नव्हते आणि संशयित काही सापडत नव्हता. कोपऱ्यावर वॉर्डप्रमुखांचं ऑफिस होतं आणि त्याच्या भिंतीवर दोन मजली बॅनर लटकत होतं. 'मुलांची काळजी, ल्याओची जबाबदारी!' रविवारच्या समारंभाचा फोटो. आठ सायकली प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या, आणि पहिल्या सायकलीशी बाह्या सरसावून, गुडघ्यावर बसलेले ल्याओकाका दात काढून हसत होते. एका हातात फडकं होतं. आणि दुसऱ्या हातात?

"फवारा!" तिघं एकदम किंचाळली.

"एक नंबरची सायकल माझी!" पेइरुंगचे कान तापले. "रोज या बॅनरखालून जातो आपण! फोटोपुरती चकाकी, आणि आम्ही पडायचं खतात! शी!"

"चला, सरांकडे!"

"थांब. आपण सांगितलं तर काका हात वर करतील आणि सर त्यांचंच ऐकतील." तिचे डोळे बारीक झाले. "काकांनाच सांगू दे. सगळ्या गल्लीला!"

साडेपाच वाजत आले होते. कचरागाडीची वेळ. अख्खी गल्ली पिशव्या आणि खरकट्याच्या बादल्या घेऊन रस्त्याकडेला उभी होती. त्यात फांग सर होते आणि कारखान्यातून नुकतीच आलेली पेइरुंगची आईही. पेइरुंगनं सायकल दाराशी लावली आणि तिघं आत शिरली.

ल्याओकाका सुपारी चघळत बसले होते. मुलांना पाहून त्यांनी कागदी पेल्यात लालभडक पिंक टाकली. पेइरुंगच्या ओठांवर 'शी!' आलं. तिनं ते गिळलं आणि गोड आवाज काढला.

"काका, बॅनरवरचा फोटो काय झकास आलाय हो! त्याची गोष्ट सगळ्यांना सांगा ना. भोंग्यावर! सगळे बाहेरच उभे आहेत."

काका लगेच फुगले. वॉर्डातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर त्यांचा भोंगा होता आणि त्यावर बोलायला त्यांना फक्त निमित्त हवं असायचं. त्यांनी माईक ओढला.

"मंडळी! ल्याओ बोलतोय! मुलांच्या सायकली समारंभाआधी कुणी चमकवल्या? मी! या माझ्या दोन हातांनी! देवळातला फवारा मारमारून!"

"फक्त पुढचीच चाकं का, काका?" पेइरुंगनं माईकजवळ तोंड नेऊन विचारलं.

"अगं, फोटोत मागचं कोण बघतंय! पुढचं दिसतं, तेवढं चकाचक केलं! चाक, तारा, ती गोल डिस्क, सगळं! आणि एक नंबरला तर तीन हात मारले, ती माझ्या शेजारी होती ना!"

बाहेर सगळ्यांच्या माना ऑफिसकडे वळल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मग आईचा आवाज आला, भोंग्याची गरज नसलेला.

"ब्रेकच्या डिस्कवर पॉलिश मारलंत? अहो, मुलं उद्या डोंगरावरून उतरणार होती!"

"उगाच बोंबाबोंब नको!" काका तणतणत बाहेर आले. "नवी सायकल आहे! बघा, कशी जागच्या जागी थांबते ते!"

"काका, नको! एक नंबरच आहे ती!" पेइरुंग खरोखरच घाबरून ओरडली. पण काका टांग मारून निघालेसुद्धा. तेवढ्यात कचरागाडीचं गाणं वाजत आलं. काकांनी पुढचा ब्रेक दाबला. त्या किंचाळीत गाणं बुडून गेलं. सायकल मात्र निवांत पुढे जात राहिली आणि खरकट्याच्या बादल्यांच्या रांगेत शिरली. धाड! फच्च!

काका उठून बसले. कानावर नूडल्स, खिशात माशाचं डोकं, डोक्यावर पपईची सालं! एकच हशा पिकला.

"वॉर्डप्रमुख, ओला कचरा मागच्या टाकीत!" गाडीवाला गंभीरपणे म्हणाला.

हसले नाहीत ते फक्त फांग सर. ते पेइरुंगजवळ आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सातजणांना मी या ब्रेकवर डोंगरावरून उतरवणार होतो. आणि जिनं सांगितलं, तिलाच घाबरट ठरवलं. चुकलो मी, पेइरुंग."

ओशाळलेले काका अंघोळ करून थेट सायकलींच्या दुकानात गेले आणि नव्या ब्रेकपॅडचे आठ जोड घेऊन आले. आईनं आणि तिघांनी डिस्क स्पिरिटनं पुसून लख्ख केल्या. पॉलिश प्यायलेले जुने पॅड कचऱ्यात गेले. सगळं शिबिर गोळा झालं होतं.

"आता उद्या निघायचं ना?" सरांनी विचारलं. आईला नाही, पेइरुंगला.

पेइरुंगनं ओठ चावला. उद्याचाच तर दिवस! पण खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. "नाही, सर. नवे पॅड डिस्कवर बसायला हवेत. प्रत्येक सायकल सपाट रस्त्यावर हळूहळू वीस-पंचवीस वेळा थांबवायची. उद्याचा दिवस त्यातच जाईल. डोंगर रविवारी."

"अरे यार!" मुलं कुरकुरली. आ-खाय सगळ्यांत मोठ्यानं कुरकुरला.

"गप्प बसा!" सर म्हणाले. "मला जे कळलं नाही, ते या पोरीला कळलं. ती म्हणाली रविवार, म्हणजे रविवार. आणि उतारावर सगळ्यांत पुढे तीच असेल."

आईनं सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर मळकट हातानं थाप मारली. एरवी पेइरुंग 'शी!' म्हणून दूर झाली असती. आज ती तशीच उभी राहिली.