काल्याचा घास

घोरावाडी स्टेशनच्या बाकावर बसून सृष्टी एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा मांडीवरच्या मृदंगावर, गवसणीवरूनच, अगदी हलक्या बोटांनी त्या शब्दाला ठेका धरत होता.

हे तिच्या ध्यानात आलं आठव्या-नवव्या खेपेला. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. पत्र्यावरून थेंब ओघळत होते.

"अहो... चेष्टा करताय?"

"छे हो! शब्दच तालात आहे. कन्-व्हि-व्हि-अल! कुठल्या देवाचं नाव म्हणायचं हे?"

"देवाचं नाही. लोणावळ्याच्या हॉटेलवाल्यांचं." सृष्टीला हसू आवरेना. अनोळखी माणसाला एरवी विचारल्यापुरतंच उत्तर द्यायची ती. पण आज सगळं सांगून बसली. हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताची नोकरी होती. आजच्या मुलाखतीत तिला सगळं आलं, तरी सविता मॅडम म्हणाल्या, "पाठ केलेलं छान बोलतेस गं, पण आखडून बसतेस. आमच्या माहितीपत्रकावर हा शब्द छापलाय. सोमवारी ये, स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण देऊन तो वापरून दाखव. जमलं तर नोकरी तुझी."

शब्दकोशात अर्थ होता : मनमिळाऊ, चारचौघांत हसतखेळत रमणारा. अर्थ कळला होता. पण कॉलेजची तीन वर्षं कोपऱ्यात एकटीनं डबा खाल्लेल्या मुलीनं उदाहरण आणायचं कुठून?

"एवढंच ना?" तो म्हणाला. "उद्या आमच्या इंदुरीत सप्त्याचा काला आहे. या. मृदंगावर मीच आहे. सोपान माझं नाव."

"मृदंग ऐकून इंग्रजी येतं?"

"इंग्रजीचं माहीत न्हाई. माणसं मात्र लय येतात!"

रविवारी ती गेली. शब्दासाठीच, असं तिनं स्वतःला तीनदा बजावलं...

मांडव भरला होता. कीर्तनकार बुवा कृष्णाच्या गोपाळांच्या शिदोऱ्यांचं रसाळ वर्णन करत होते. कुणाची कालची भाकरी, कुणाचं नुसतं ताक. एकानं तर लाजून आपलं फडकं पाठीमागे लपवलेलं. देवानं तेच आधी मागून घेतलं आणि सगळ्यांचं एकात कालवलं. मग कुणाचं कोरडं नि कुणाचं ओलं, ओळखायचं कसं? मांडवात कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. मृदंगावरून सोपानची नजर हळूच वर यायची. सृष्टी पटकन बुवांकडे बघायची.

हंडी फुटली. गजर सुरू झाला. लाह्या, दही, लोणच्याचा काला हातोहात फिरू लागला. इथली रीत अशी, की हातातला काला आधी दुसऱ्याच्या मुखी घालायचा. ओळख ना देख, एका म्हातारीनं, चिमाबाईंनी, सृष्टीची हनुवटी धरली आणि घास भरवला. आंबटगोड दही जिभेवर विरघळलं. तिचे डोळे भरून आले. असं कुणी कधी भरवलं होतं?

आता तिची पाळी. भोवती सगळे एकमेकांना भरवत होते. एकटा सोपान उपाशी. दोन्ही हात मृदंगावर, डावा तळवा मृदंगाला लावलेल्या कणकेनं पांढरा झालेला. सृष्टीनं विचार केला नाही. टाळकऱ्यांमधून वाट काढत ती सरळ गेली आणि घास त्याच्या ओठांशी नेला.

सोपानचा ठेका चुकला! टाळ अडखळले. सगळ्या माना वळल्या.

"अगं बाई!" बायकांच्या घोळक्यातून शकुबाई ओरडल्या. "येवढ्या मांडवात तुला येकच तोंड दिसलं व्हय?"

एकच हशा पिकला. सृष्टी लाजेनं लालबुंद... पळावं, की जमिनीत शिरावं?

"घाबरू नगं, पोरी," चिमाबाईंनी काल्याचं पातेलंच तिच्या कडेवर दिलं. "येकावर थांबायचं नसतं. आता समद्यांना भरव!"

भरवू लागली. पहिल्या पाच-सहा जणांना मान खाली घालून. मग एका आबांनी लहान मुलासारखा मोठ्ठा आ केला आणि तिला खुदकन हसू फुटलं. विसाव्या घासापर्यंत तीच विचारत होती, "मावशी, लोणचं तिखट लागलं का हो? आणखी घ्या की!" शकुबाईंना तिनं दोनदा भरवलं, मुद्दाम.

नळावर हात धुताना सोपान म्हणाला, "आठ वर्षांत पहिल्यांदा ठेका चुकला माझा. बुवा रागावले."

"मग पुन्हा नाही भरवणार."

"तसं कुठं म्हणलो मी..."

सोमवारी सविता मॅडमनी विचारलं, "हं, सांग. कन्व्हिव्हिअल म्हणजे?"

सृष्टीनं सगळा मांडव उभा केला. इंग्रजीत अडखळली तिथं मराठीत शिरली, शकुबाईंची नक्कलसुद्धा केली. शेवटी म्हणाली, "मॅडम, जिथं एकालाच भरवून आपली सुटका होत नाही ना, ती जागा कन्व्हिव्हिअल."

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "उद्यापासून ये."

हॉटेलच्या पायऱ्यांवरूनच तिनं, काल नळापाशी घेतलेल्या नंबरवर, सोपानला फोन लावला. "लागली!"

"वा! पांडुरंग पावला." सोपान म्हणाला. "आता तुम्ही लोणावळ्याच्या झालात. रोज नवे पाहुणे... आमची इंदुरी कशाला आठवतीय?"

समोरच्या डोंगरावरून ढग खाली उतरत होता. सृष्टीनं डोळे मिटले.

"सोपान, काल सगळ्यांना भरवलं ते रीत म्हणून. पण पहिला घास... तो रीत म्हणून नव्हता."

पलीकडून मोटारसायकलची किक ऐकू आली.

"तितंच थांबा," तो म्हणाला. "हे तोंडावर ऐकायचंय मला. येतोय!"